वीरमातेचा प्रश्न

दरवर्षी २६ जुलै आला की शाळा-महाविद्यालयांतून कारगिल विजय दिवसाचे समारंभ होतात. व्यासपीठावर एखादी वीरमाता सन्मानपूर्वक बसविली जाते. शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात आणि शेवटी त्या माउलीला दोन शब्द बोलण्याची विनंती केली जाते. आपल्याला मुलाचा अभिमान वाटतो एवढे ती कशीबशी बोलते आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमून जाते. परळ भागातील महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविताना असे अनेक समारंभ मी पाहिले. दर वेळी घरी परतताना एकच विचार मनात येतो. त्या मातेच्या मनातील जेवढे आपल्याला रुचते तेवढेच आपण ऐकून घेतो.

हा विचार आमच्या वस्तीला परका नाही. लालबाग-परळच्या चाळींत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडून आलेली कुटुंबे दाटीवाटीने राहिली. एक भाऊ गिरणीत तर दुसरा पलटणीत, ही अनेक घरांची वाटणी होती. गिरण्या गेल्या, पण सैन्यभरतीच्या रांगेतील मुलांमध्ये या घरांतील मुले आजही असतात. म्हणून मुलगा गमावलेल्या आईबापांशी समाजाने कसे वागावे, हा प्रश्न आमच्या उंबरठ्यावरचा आहे.

मृत मुलाची आठवण कशी जपावी याची रीत कोणी घालून दिलेली नाही. कॅप्टन विनायक गोरे १९९५ साली काश्मीरमध्ये कुपवाडा भागात धारातीर्थी पडले. विलेपार्ल्यातील उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या आई अनुराधा गोरे या शिक्षिका. त्यांनी ‘वारस होऊ अभिमन्यूचे’सारखी पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली आणि सैनिकाचे जीवन तरुणांपुढे मांडण्याचे व्रत घेतले. आपल्या एका मुलाच्या आठवणीतून त्यांनी इतरांच्या मुलांसाठी काही उभे केले. समाजाने या कार्याचा आदर केला आणि ते योग्यच झाले.

आठवणीची दुसरीही एक वाट आहे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ विमान १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगड येथे कोसळले व त्यात त्यांचा अंत झाला. युद्ध नव्हते, समोर शत्रू नव्हता. दोष वैमानिकाकडे आला, तो त्यांच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, मान्य केला नाही. विमान कोणत्या स्थितीत होते आणि अशी विमाने वारंवार का कोसळतात, हे त्या जाहीरपणे विचारीत राहिल्या. वडील अनिल गाडगीळ स्वतः वैमानिक. मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान स्थापून या दांपत्याने आपले दुःख कामाला लावले. पुढे २००६ साली ‘रंग दे बसंती’ हा चित्रपट आला तेव्हा आजच्या विद्यार्थ्यांच्या आधीच्या पिढीला या प्रश्नाची ओळख झाली.

आता थोडा हिशेब पाहू. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ साली संसदेत सांगितले की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत अपघातांत सापडली आणि १७१ वैमानिक व ३९ नागरिक प्राणास मुकले. साध्या विमानावरून एकदम वेगवान लढाऊ विमानावर जाणाऱ्या तरुणांसाठी मधल्या पायरीचे प्रगत प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली होती. ६६ ‘हॉक’ विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये, आणि ती हवाई दलात दाखल होऊ लागली २००८ मध्ये. शिफारस आणि करार यांत बावीस वर्षे गेली. प्रत्येक अपघात याच एका कारणाने झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु खर्च पुढे ढकलला म्हणजे तो वाचतो, हा भ्रम अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी बाळगू शकत नाही. पुढे ढकललेला खर्च कोणीतरी भरतोच. येथे तो कोणत्या घरांनी भरला, हे वेगळे सांगावयास नको.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सैन्यात जोखीम असतेच, ती पत्करूनच मुले जातात, आणि असे प्रश्न विचारल्याने दलाचे मनोधैर्य खचते. या आक्षेपात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. शत्रूच्या गोळीची जोखीम सैनिक जाणूनबुजून पत्करतो, आणि त्याचे आईबापही ती मनाशी धरून बसलेले असतात. फायलीवर साचलेल्या धुळीची, सुट्या भागांच्या टंचाईची, लांबलेल्या निर्णयाची जोखीम त्याने पत्करलेली नसते. पहिल्या मृत्यूला हौतात्म्य म्हणावे. दुसऱ्यालाही तेच नाव देऊन मोकळे होणे म्हणजे शब्दाच्या आड जबाबदारी लपविणे होय. मनोधैर्याचे म्हणाल तर, आपल्या पश्चात खरे कारण शोधले जाईल ही खात्री वैमानिकाला बळच देईल.

२०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाचे ३४ अपघात झाल्याचे संरक्षणविषयक संसदीय समितीच्या २०२४ च्या अहवालात नमूद आहे. ‘मानवी चूक’ हे कारण त्यांत सर्वाधिक वेळा दिलेले आहे. या दोन शब्दांपाशी चौकशी संपू नये, ती तेथून सुरू व्हावी. चुकणाऱ्याला शिक्षण कोणते मिळाले, यंत्र कोणते मिळाले, त्याची देखभाल कशी झाली, हे विचारल्याशिवाय तो निष्कर्ष अपुराच राहतो. गोपनीय तांत्रिक भाग वगळून चौकशीचा निष्कर्ष आईवडिलांना लेखी कळविणे आणि त्यानुसार काय सुधारले हे दरवर्षी संसदेपुढे ठेवणे, एवढे तरी शासनाने बंधनकारक मानावे. निवृत्तिवेतन आणि अनुदान हा कुटुंबाचा हक्कच आहे, परंतु रकमेचा धनादेश हे प्रश्नाचे उत्तर नव्हे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ ला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ पासून त्या विमानाने देशाची सेवा केली, १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजविला, हे निर्विवाद. यंत्राला निवृत्ती मिळाली. ज्यांची मुले त्या यंत्राबरोबर गेली, त्या आईबापांच्या आठवणीला निवृत्ती नाही. पुढच्या २६ जुलैला आपण पुन्हा सभागृहात जमू. त्या वेळी व्यासपीठावरील मातेला शाल देऊन झाली की टाळ्या थोड्या थांबवाव्यात आणि तिला काही विचारावयाचे आहे का, हे आधी विचारावे.