उन्हाळा, शेतकरी व डोक्याचे माप

होळी झाली की आपल्या धर्माबादच्या शिवारात उन्हाचा खरा अंमल सुरू होतो. मिरचीचे वाळवण, हळदीची काढणी व शिजवण, पुढे नांगरट, धसकटे वेचणे आणि खत वाहणे ही सर्व कामे याच दिवसांत यावयाची, आणि यांतील बहुतेक कामे सावलीत करता येत नाहीत. अशा दिवसांत डोक्यावर काय घालावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. बी, खत, पाणी व बाजारभाव या विषयांस वाहिलेल्या आपल्या मासिकाची पाने त्यासाठी खर्ची घालावीत काय, अशी शंकाही वाचकांस येईल. परंतु गेल्या उन्हाळ्यात मजवर जो प्रसंग आला, त्यावरून हा विषय क्षुल्लक नाही अशी माझी खात्री झाली आहे. आणि त्या प्रसंगात दोष माझा असल्यामुळे तो सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

आमचा सालगडी देहाने धिप्पाड आणि डोक्यानेही मोठा आहे. एका बियाणे कंपनीकडून फुकट आलेल्या टोप्यांचा एक गठ्ठा घरी पडून होता. त्यांतील एकेक टोपी मी गड्यांस वाटली व आपण मोठे सत्कृत्य केले अशा समाधानात राहिलो. मे महिन्याच्या मध्यास, दुपारी एकच्या सुमारास, रानात धसकटे वेचीत असता तो बांधावर बसला. हाक मारली तर उत्तर देईना, आणि बोलू लागला ते असंबद्ध. अंग चुलीवरच्या तव्याप्रमाणे तापलेले. त्यास लिंबाच्या सावलीत निजवून घागरीचे पाणी अंगावर ओतले, ओल्या धोतराने वारा घातला आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलाविली. ईश्वरकृपेने तो वाचला. टोपी मात्र त्याच्या कमरेस खोचलेली सापडली. बरा झाल्यावर मी विचारले, "टोपी दिली होती, ती का घातली नाहीस?" तो म्हणाला, "मालक, टोपी हाय, पण डोस्क्यात जातीय कुठं?"

या उत्तराने मी निरुत्तर झालो. कारण माझे स्वतःचे डोकेही मोठे आहे. दुकानातील टोपी मला कधीही बसली नाही, हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. फरक इतकाच की, मी बांधावर छत्री घेऊन उभा राहतो आणि त्यास दोन्ही हातांनी काम करावयाचे असते. आपल्या भाषेत 'टोपी घालणे' याचा दुसरा अर्थ फसविणे असा आहे. कंपनीने मला टोपी घातली असे मी म्हणत नाही. मीच माझ्या गड्यास घातली.

त्यानंतर घरातील शिंप्याची फीत घेऊन मी दोघांची डोकी मोजली. माझा घेर ६१ सेंटिमीटर भरला, त्याचा ६३. बाजारातील तयार टोप्या बहुधा ५६ ते ५८ सेंटिमीटर घेराच्या डोक्यास धरून शिवलेल्या असतात, आणि फुकट वाटावयाच्या टोप्या तर सर्वांस एकाच मापाच्या. मागची पट्टी शेवटच्या छिद्रापर्यंत सैल केली तरी अशी टोपी मोठ्या डोक्यावर झाकणीप्रमाणे वर राहते. ती कपाळ आवळते, डोके दुखविते आणि वाऱ्याच्या पहिल्या झोतास उडून जाते. मग माणूस ती काढून ठेवतो, आणि नेमका भर दुपारी बोडक्या डोक्याने काम करतो. आपल्या दख्खनी मुलखात 'सिर बडा सरदार का' असे म्हणण्याची रीत आहे. परंतु उन्हात राबणाऱ्याचे डोके मोठे असले तर त्याच्या वाट्यास सरदारी येत नाही, ऊनच अधिक येते.

कृषिबंधूंनो, या गोष्टीकडे आपले लक्ष का जात नाही याचा मी विचार केला. बैलाच्या मानेवर जू नीट बसत नसेल तर आपण ते तासून घेतो, कारण खांदा सुजला तर पेरणी अडेल हे आपणांस कळते. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच खांद्यास हळद व लोणी चोळतो. गुढीपाडव्यास गड्याचे साल ठरते, तेव्हा धान्य, कपडे, पायतण या सर्वांचा करार होतो आणि पायतण पायाच्या मापाने घेतले जाते. डोक्याचे माप मात्र कोणीही घेत नाही. पायात काटा रुतला तर एक दिवस जाईल. डोक्यास ऊन लागून माणूस पडला तर तो उठेलच असे नाही.

याचे एक कारण असे दिसते की, डोक्यावरचे वस्त्र ही आपण सोयीची नव्हे तर मानाची वस्तू समजत आलो. १९४८ पूर्वीच्या निजामी अमलात दरबारी जावयाचे तर दस्तार हवी असे. ती उन्हासाठी नव्हती, अदबीसाठी होती. ती राजवट गेली, पण दृष्टी राहिली. आजही लग्नात टोपी व टॉवेल यांचा आहेर होतो. त्या टोप्या कोणाच्याही मापाच्या नसतात, म्हणून त्या एका पेटीतून दुसऱ्या पेटीत हिंडत राहतात. वरातीत मिरविण्यासाठी पैसे देऊन फेटे बांधून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच तरुण मंडळी बोडक्या डोक्याने ट्रॅक्टरवर बसतात.

आमचे वडीलधारे रानात जाताना पटका किंवा मुंडासे बांधीत. त्यात दिखावा नव्हता, अक्कल होती. पटक्यास माप लागत नाही. डोके जेवढे, तेवढा वेढा. सुती कापडाच्या घड्यांमध्ये हवा राहते व ती ऊन आत येऊ देत नाही. सोगा मागे सोडला की मान झाकते. कापड भिजवून बांधले तर आपल्याकडील चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत पाणी उडताना डोके गार राहते. मोठ्या डोक्याच्या मनुष्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, ५७ सेंटिमीटरच्या डोक्यास दहा वेढ्यांसाठी जितके कापड पुरते, त्याहून ६२ सेंटिमीटरच्या डोक्यास सुमारे अर्धा मीटर अधिक लागते. कापड आखूड पडले म्हणून ओढून बांधलेला पटका हा आखूड टोपीइतकाच त्रासदायक होय. मिरचीच्या कामात असलेल्यांस आणखी एक सूचना: पटक्याच्या ज्या टोकास मिरचीचे हात पुसले, त्यानेच घामाचे डोळे पुसू नयेत, त्यासाठी वेगळे फडके कमरेस ठेवावे.

तथापि पटक्याचे दोषही सांगितले पाहिजेत. तो डोळ्यांवर व गालांवर सावली धरीत नाही, आणि आजच्या पुष्कळ तरुणांस तो बांधता येत नाही. गांधी टोपीसही काठ नसल्यामुळे तिच्याने कान व मान झाकत नाहीत. पुढे चोच असलेली खेळाडूंची टोपी कपाळावर सावली देते, पण कान व मान उघडीच ठेवते. साहेब लोकांनी या देशात जी सोला टोपी आणली होती, ती बंगालच्या पाणथळीत उगवणाऱ्या शोला नावाच्या वनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून करीत. सूर्यकिरण कवटीतून मेंदूस बाधतात ही त्यांची समजूत चुकीची होती व ती टोपीही कालांतराने मागे पडली. परंतु तिच्या रचनेत दोन गोष्टी घेण्याजोग्या होत्या: टोपी व टाळू यांच्यामध्ये हवेस जागा, आणि मानेवर उतरणारा काठ.

हे दोन्ही गुण गावच्या शिंप्याकडून साध्या सुती कापडात साधता येतात. कपाळावर भुवयांच्या वरून, कानांच्या वरून व मागे डोक्याच्या फुगीर भागावरून फीत फिरवून घेर घ्यावा आणि त्यात दीड सेंटिमीटर सैलपणा मिळवावा. ६२ सेंटिमीटरच्या डोक्यास अशा रीतीने साडेत्रेसष्ट घेर येतो व त्याच्या वर्तुळाची रुंदी सुमारे २० सेंटिमीटर होते. सभोवार ८ सेंटिमीटरचा काठ ठेवला म्हणजे कान व मान सावलीत येतात. माथा खोल ठेवावा, जेणेकरून कापड टाळूस चिकटणार नाही. बाजूंस हवेसाठी चार छिद्रे असावीत व हनुवटीखाली बांधावयास नाडी असावी. रंग पांढरा किंवा फिकट असावा. काळे कृत्रिम कापड उन्हात तापते आणि घाम टिपीत नाही. एवढ्यास एक मीटर कापड पुरून उरते.

स्त्रियांचा विचार तर आपण मुळीच केलेला नाही. मिरचीच्या तोडणीत व निवडीत, हळदीच्या रानात बहुतेक हात त्यांचेच असतात. अंबाड्यामुळे त्यांचे डोके टोपीच्या दृष्टीने मोठेच ठरते, म्हणून तयार टोपी त्यांच्या डोक्यावर टिकत नाही, आणि पातळ पदर ही भर उन्हात पुरेशी सावली नव्हे. वरील टोपीसच मागे उभी चीर ठेवून दोन नाड्या लाविल्या, तर अंबाडा बाहेर राहून टोपी पदरावरूनही नीट बसते.

कोणी म्हणतील, एवढे करून गडी ती घालतील कशावरून? माझे उत्तर असे की, जी बसत नाही ती कोणीच घालणार नाही. आणि जी बसते ती घालण्यास माणसास दुसऱ्याने सांगावे लागत नाही. आमच्या सालगड्यास मी मापाची टोपी शिवून दिली. आता तो ती संध्याकाळी घरी जातानासुद्धा काढीत नाही, असा त्याच्या कारभारणीचा आक्षेप आहे.

मात्र एका गोष्टीविषयी गैरसमज राहू नये. उत्तम टोपी मिळाली म्हणजे दुपारी बारा ते चारपर्यंत काम घेण्यास मोकळीक मिळाली, असे कोणी समजू नये. उष्माघात हा केवळ डोक्याचा विकार नाही. सबंध शरीराची उष्णता घामाने बाहेर पडेनाशी झाली म्हणजे तो होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभास आलेल्या १४ जणांचे प्राण गेले. ते नांगर धरीत नव्हते, केवळ समारंभास जमले होते. मग धसकटे वेचणाऱ्याची गोष्ट काय सांगावी! काम पहाटे सुरू करावे, दुपारी सोडावे, पाण्याची घागर बांधावर नव्हे तर हाताशी ठेवावी. कोणी भ्रमिष्टासारखे बोलू लागल्यास त्यास 'आळस करतो' असे न म्हणता तत्काळ सावलीत न्यावे, पाण्याने निववावे आणि दवाखाना गाठावा.

आपल्या संस्थेस माझी एक विनंती आहे. बियाणे व खते आपण एकत्र खरेदी करतो, त्याप्रमाणे सुती कापडाचा एक तागा घेऊन, ५६, ५९ व ६२ सेंटिमीटर अशा तीन मापांच्या टोप्या सभासदांसाठी शिवून घ्याव्यात, आणि याहून मोठ्या डोक्यांसाठी माप पाठविण्याची सोय ठेवावी. खर्च फार नाही. तो उचलणे जमीनधारकाचे काम आहे, गड्याचे नव्हे.

येत्या पाडव्यास साल ठरविताना धान्याचे माप घालाल, पायतणाचे माप घ्याल, तेव्हा शिंप्याची फीत जवळ ठेवा व समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यासही ती एकदा लावा. मी ती पाडव्यास लाविली असती, तर मे महिन्यातील ती दुपार माझ्या गड्यावर आली नसती.