धूर शहराची हद्द पाळत नाही

केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती वाढत वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये तर सुमारे ७८ टक्के संचांना धुरातले गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. ठाम सक्ती उरली ती दिल्ली परिसर आणि दहा लाखांवरच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांवर. प्रदेशागणिक नियम वेगळा असायला हरकत नाही, मोजपट्टी मात्र चुकली. या वायूचे हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि शेकडो किलोमीटर जातात. दहा किलोमीटरची रेघ कागदावरच.

आपल्या कोळशात गंधक कमी आणि यंत्रणा महाग, हा आक्षेप निराधार नाही. पण या कोळशात राख जास्त, उष्मांक कमी. तेवढ्याच विजेसाठी तो अधिक जाळावा लागतो. शिवाय खर्च टळत नाही, तो वीजबिलातून दवाखान्याच्या बिलात जातो. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची वीज राज्यभर जाते, धूर आधी चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो. म्हणून सूट द्यायचीच तर प्रत्येक संचाचे दर युनिटमागचे उत्सर्जन आणि वाऱ्याची दिशा पाहून द्यावी.