दुखायचं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला का?



आपल्या मुली आता खो-खो, कबड्डी, बॅडमिंटन खेळतात, जिल्ह्याला जातात, याचा मला फार आनंद आहे. खेळ आला की दुखापतही आलीच. पाय मुरगळला की हल्ली आंबेहळदीच्या लेपाबरोबर आणखी एक सल्ला मिळतो, "ॲक्युपंक्चर करून घ्या, दोन दिवसांत पळायला लागेल." या 'दोन दिवसांत'बद्दलच मला बोलायचं आहे.

ॲक्युपंक्चरला माझा विरोध नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर 1938 मध्ये चीनला गेलेल्या पथकात कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू होते. पुढे ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि 1959 मध्ये त्यांनी ती भारतात आणली. आपल्या घरांना ती का पटते, हेही मला कळतं. जिलेटीनच्या कॅप्सूल नकोत, रोजच्या वेदनाशामक गोळ्या नकोत. बारीक सुयांनी नसा चेतवल्या जातात आणि शरीर स्वतःचीच वेदनाशामक द्रव्यं सोडतं, असं त्यामागचं कारण सांगतात. जुनाट पाठदुखी-गुडघेदुखीत अनेकींना उतार पडतो.

पण ताज्या मुरगळीची गोष्ट वेगळी. घोट्याच्या मुरगळीवरचे 20 अभ्यास तपासून 2014 च्या कॉक्रेन आढाव्याने ॲक्युपंक्चरच्या उपयोगाचा भरवशाचा पुरावा नाही, असंच म्हटलं. ताणलेला किंवा फाटलेला अस्थिबंध भरून यायला कित्येक आठवडे लागतात. सुईने दुखणं कमी झालं, तरी तो काळ वाचत नाही.

माझ्या लेकीचा घोटा मुरगळला तेव्हा सामना पाच दिवसांवर होता. दोनदा सुया लावल्यावर ती म्हणाली, "आई, आता दुखत नाही, मी खेळते." मी तिला त्याच पायावर उभं राहायला सांगितलं. दहा मोजायच्या आत तोल गेला. मी तिला पाठवलं नाही. संघ हरला, घरात दोन दिवस अबोला होता. तरीही पुन्हा तशी वेळ आली तर मी हेच करीन. पदक एका वर्षाचं असतं, घोटा जन्माचा.

म्हणून मैत्रिणींनो, एवढं सांभाळा. दुखापतीनंतर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, गरज पडली तर एक्स-रे काढा. सुया नंतर. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, त्यामुळे उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारायला संकोच नको. सुया निर्जंतुक, नव्या पाकिटातल्या आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. उपाशीपोटी सुया लावल्यास चक्कर येऊ शकते, तेव्हा पर्युषणात किंवा दशलक्षणात उपवासाच्या दिवशी तिकडे जाऊच नका. आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम सोडू नका. एका पायावर उभं राहण्यासारखा साधा व्यायामसुद्धा पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी करतो.

पायाची झीज भरून निघते ती झोपेने आणि जेवणाने. सराव सूर्यास्तापर्यंत लांबतो आणि रात्रीभोजन नसलेल्या घरातली पोर उपाशी झोपते. प्रशिक्षकांना सांगून तिला पंधरा मिनिटं आधी सोडवा, डब्यात मुगाचं धिरडं, शेंगदाण्याचा लाडू द्या. ही मागणी करताना लाजायचं काय कारण?

दुखणं हा शरीराचा निरोप असतो. सुईने तो हलका होत असेल तर जरूर होऊ द्या. पण निरोप ऐकून घेतल्यावर. मुलीला जिंकायला शिकवतो, तसं थांबायलाही शिकवूया. संयम आपल्या घरात रोज उच्चारला जातो, तो मैदानाच्या कडेलाही पाळता आला पाहिजे.