घोडा आणि साळोत्री

वाचकहो, घोडा एकेका बोटावर उभा असतो! त्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणून आपण जो दाखवतो, ते खरे मनगट. त्याखालची लांब नळी म्हणजे तळहातातले एक हाड आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचे नख. चारपाचशे किलोंचे धूड, आणि भार या चार नखांवर. शिवाय नळीवर मांस असे नाहीच. त्यामुळे मोडलेले टोक कातडीतून चटकन बाहेर येते, आणि रक्त बेताचेच पोचत असल्याने ते सांधतेही सावकाश.

बरे, रोगी बोलत नाही. पाय टेकवीत नाही, नळी गरम लागते, दाबली की पाय ओढून घेतो, एवढ्यावरून ताडायचे. क्ष-किरणांत केसाएवढी चीर पहिल्या दिवशी दिसेलच असे नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो घ्यावा लागतो. तोवर घोडा ठाणावरून हलवायचा नाही. अशा वैद्याला आपल्याकडे साळोत्री म्हणत. शालिहोत्र मुनींचे नाव झिजून झालेला हा शब्द वर्गात सांगताना मला फार आनंद होतो. असो.

अमेरिकेतला बार्बारो २००६ च्या मे महिन्यात केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनी बाल्टिमोरच्या शर्यतीत सुरुवातीलाच लंगडला. मागच्या उजव्या पायाच्या हाडांचे वीसाहून अधिक तुकडे! पूर्वी बंदुकीची गोळी हाच उपाय असे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात डॉ. डीन रिचर्डसन यांनी धातूची पट्टी आणि २७ स्क्रू घालून ते तुकडे जुळवले. भूल उतरताना घोडा धडपडतो व जोडलेले पुन्हा मोडतो. म्हणून त्याला रबरी तराफ्यात घालून पाण्याच्या हौदात जागे केले.

पण दुखरा पाय वाचवताना सारा भार पडला धडक्या डाव्या पायावर. जुलैत त्या खुराचे कवच आतल्या हाडापासून सुटू लागले. माणसासारखे महिनोन्महिने खाटेवर पडून राहणे घोड्याला जमत नाही, इथेच सगळे घोडे अडते. वेदना आवरेनाशा झाल्या तर थांबायचे, हे मालकांनी व डॉक्टरांनी आधीच ठरवले होते. २९ जानेवारी २००७ रोजी त्यांनी त्याला शांतपणे निजवले.

त्या आठ महिन्यांना हट्ट म्हणणारे भेटतात. मला तसे वाटत नाही. तो खात होता, उभा राहत होता, तोवर त्याला संधी देणे योग्यच होते. नळीला नुसती चीर असली, तर आज एकदोन स्क्रूंनी ती आवळतात आणि असे कितीतरी घोडे पुन्हा शर्यतीत धावतात.