सामाईक मालकीची संगणकभाषा

पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान ठरलेल्या या गावी त्या समाजाचा इतिहास जतन व्हावा, हे योग्यच झाले. लमाणांच्या बैलांनी शतकानुशतके धान्य आणि मीठ वाहिले. आगगाडीने तो व्यवसाय बुडविला आणि पुढे गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का कपाळी बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु तांड्यावरची मुले उद्या कोणती साधने हाती धरणार, हा प्रश्न संग्रहालयात मावणारा नाही.

संगणकक्षेत्रातील तरुण पायथॉन या संगणकभाषेविषयी ज्या जिव्हाळ्याने बोलतात, त्याचे बाहेरच्या माणसास प्रथम नवल वाटते. यंत्राला आज्ञा देण्याच्या भाषेवर कोणी प्रेम करावे काय? पण या भाषेची कुळकथा ऐकली की ते प्रेम समजू लागते. ॲम्स्टरडॅममधील गणित व संगणकशास्त्राच्या सार्वजनिक संशोधन संस्थेत गिदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस तिची जुळणी आरंभिली आणि १९९१ साली ती जगाच्या हाती दिली. तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी; त्यासाठी दमडीही मोजावी लागत नाही. उत्पादनाचे एक महत्त्वाचे साधन असे खुले राहणे, ही आजच्या जगात किरकोळ गोष्ट नव्हे.

आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो तिच्या कारभाराचा इतिहास. जवळजवळ तीन दशके शेवटचा शब्द व्हान रॉसम यांचा असे. तांड्यात नाईकाचा असावा तसा. भाषेतील एका नव्या रचनेवरून कडाक्याचे वाद झाल्यानंतर जुलै २०१८ मध्ये ते त्या पदावरून दूर झाले. त्यांनी वारस नेमला नाही. भाषा घडविणाऱ्यांनी आपसांत महिनोन्‌महिने खल करून नवी घटना लिहिली आणि २०१९ च्या आरंभी मतदानाने पाच जणांचे मंडळ निवडले. त्या पाचांपैकी दोहोंपेक्षा अधिक जण एकाच कंपनीचे नोकर असता कामा नयेत, असा नियम आहे. भांडवलाचा शिरकाव कोठून होतो, हे या मंडळींना नेमके उमगले होते!

ऑक्टोबर २०२५ मध्ये या भाषेचा सांभाळ करणाऱ्या प्रतिष्ठानाने अमेरिकी सरकारचे १५ लक्ष डॉलरांचे अनुदान नाकारले. वंचितांना सामावून घेणारे आपले उपक्रम सोडण्याची अट त्यास जोडलेली होती. संस्थेचे वार्षिक अंदाजपत्रक ५० लक्ष डॉलरांच्या आसपास; तेव्हा हा नकार स्वस्तातला नव्हता. याच भाषेवर अब्जावधींचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या तिच्या झोळीत जे टाकतात ते मात्र त्या नफ्याच्या मानाने नगण्य असते. फुकट श्रमांवर मक्तेदारी पोसली जाण्याचा हा धोका उत्साही मंडळींनी नजरेआड करू नये.

पोहरादेवीच्या मुलांच्या वाट्याला यातले काय येते? २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून या भाषेत देवनागरी नावे चालतात. गोरबोलीस स्वतंत्र लिपी नाही, ती बहुधा देवनागरीतच लिहितात. म्हणजे तांड्यावरची मुलगी आज्ञावलीतील राशींना आपल्या बोलीतील नावे देऊ शकेल. मूळ आज्ञाशब्द तेवढे इंग्रजीच राहतात, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या आय. आय. टी. ने मुक्त आज्ञावल्या शिकविणारे लघुपाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. केरळने तर शाळांतील संगणकशिक्षण कधीच मुक्त आज्ञावलींवर आणले.

महाराष्ट्रात मात्र संगणक येणे म्हणजे एका परदेशी कंपनीची आज्ञावली चालविता येणे, ही समजूत दीर्घकाळ रुजली. परवान्याचा खर्च नाही म्हणजे कसलाच खर्च नाही, असे नव्हे. यंत्र हवे, वीज हवी, शिक्षक हवा. आणि ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलाची शाळा चालू राहावयास हवी. मानोरा तालुक्यातील शाळा आणि आश्रमशाळा यांपैकी किती ठिकाणी चालते संगणक व ते शिकविणारा नियमित शिक्षक आहे, याचा हिशेब शासनाने जाहीर करावा. रामनवमीच्या यात्रेस मंत्रिगण पोहरादेवीस आवर्जून येतात. तांड्यांतील शिकलेल्या तरुणांनी तेथेच तो मागावा.