नेमणुकीची बातमी आणि नेमणुकीची रीत

प्रसारभारतीवर एखादी नेमणूक झाली की वृत्तपत्रांतील चर्चेचा साचा ठरलेला असतो. नियुक्त व्यक्ती कोणत्या पक्षाच्या जवळची, कोणाच्या मर्जीतली, एवढे सांगितले की बातमी संपते. एक पत्र निषेध करते, दुसरे अभिनंदन. राज्य पालटले की दोघेही भूमिकांची अदलाबदल करतात. जळगाव-धुळ्याकडील एखाद्या जाणत्या वाचकाने यावर शंका घेतली, तर ती रास्तच मानली पाहिजे. माणूस कोणाचा हे कळले. पण तो कोणत्या रीतीने आला, हे का सांगितले जात नाही?

खानदेशाला हा प्रश्न परका नाही. जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ साली, म्हणजे ऐन आणीबाणीत सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, जून १९७५ मध्ये, माहिती व नभोवाणी खाते इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे सोपविले गेले होते. खात्याचा धनी बदलला की देशभरच्या बातमीपत्रांचा सूर कसा बदलतो, हे लोकांनी तेव्हा कानांनी ऐकले. म्हणूनच १९७७ मध्ये नेमलेल्या बी. जी. वर्गीज समितीने स्वायत्त विश्वस्त मंडळाची शिफारस केली. तथापि प्रसारभारतीचा कायदा संमत होण्यास १९९० आणि अमलात येण्यास १९९७ साल उजाडले.

या कायद्याप्रमाणे अध्यक्षाच्या नावाची शिफारस तिघांची समिती करते : राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेला एक सदस्य. व्यवस्था कागदावर चांगली आहे. परंतु समितीपुढे कोणती नावे होती आणि त्यांतले एकच का निवडले गेले, हे सामान्य श्रोत्याला कळत नाही. फेब्रुवारी २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत तर हे पद रिकामेच होते. या चार वर्षांच्या पोकळीला वृत्तपत्रांत किती जागा मिळाली आणि नव्या नावाला किती, याची तुलना वाचकाने स्वतःच करून पाहावी. व्यक्तीवर वाद घालणे सोपे असते. रिकाम्या खुर्चीला जाब विचारणे कठीण.

अर्थव्यवहाराची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. ज्या संस्थेच्या पगाराच्या नाड्या केंद्र सरकारच्या हाती आहेत, तिचा अध्यक्ष कितीही निःस्पृह असला तरी त्याची स्वायत्तता अनुदानाच्या दोरीएवढीच लांब असणार. वृत्तपत्रांनाही सरकारी जाहिराती हव्या असतात. तेव्हा हा मुद्दा त्यांच्या लेखणीला जड जात असेल, तर नवल नाही. पण समर्थनही नाही.

आकाशवाणी चालते ती जनतेच्या पैशावर. केळी-कापूस पिकविणारा शेतकरी तो पैसा करांच्या रूपाने भरतो आणि हवामानाची वार्ता तिच्याकडूनच ऐकतो. त्या आवाजावर त्याने विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर नेमणुकीची रीत त्याच्यापुढे उघड झाली पाहिजे. ती उघड करणे हे वृत्तपत्रांचे काम आहे. आणि ते होत नसेल, तर त्याचा जाब विचारणे हे वाचकांचे.