वणीचं ऊन आणि सुपरसॉनिक दणका

खाणीतल्या ब्लास्टिंगचा हादरा आपल्या वणीकरांना नवा नाही. पण उद्या तसाच दणका आभाळातून आला तर?

हा प्रश्न हवेतला नाही, दोस्तांनो. जमिनीवरून सुपरसॉनिक प्रवासी विमानं उडवायला अमेरिकेत १९७३ पासून बंदी होती. ती उठवण्याचा आदेश तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी जून २०२५ मध्ये काढला. त्याआधी जानेवारीत 'बूम' कंपनीच्या एक्सबी-१ या चाचणी विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला आणि दणका जमिनीवर ऐकूच आला नाही, असं कंपनीने सांगितलं.

हे कसं शक्य आहे? फिजिक्स आठवा. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. १२ किलोमीटर उंचीवर उणे ५५ अंशांत तो ताशी सुमारे १०६५ किलोमीटर असतो. मे महिन्यात वणीत पारा ४५ वर गेला की जमिनीलगत तोच १२८५ च्या घरात जातो. वरून येणारी ध्वनिलहर गरम हवेत शिरताना वाकत जाते. विमानाचा जमिनीसापेक्ष वेग खालच्या ध्वनिवेगापेक्षा कमी असेल, तर ती जमिनीला न टेकताच वर वळते. म्हणजे ताशी १२५० ने जाणारं विमान मेच्या दुपारी गुपचूप निघून जाईल. जानेवारीच्या पहाटे १० अंशांत मात्र ही मर्यादा १२१५ वर येते. तेच विमान तेव्हा दणका देईल!

आता वारा धरा. तोही तापमानातल्या फरकातूनच जन्मतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेकडून जेट प्रवाह वाहतो. उन्हाळ्यात तिबेटचं पठार तापतं आणि पावसाळ्यात दक्षिण भारतावर उलटा, पूर्वेकडचा प्रवाह तयार होतो. पी. कोटेश्वरम यांनी तो १९५० च्या दशकात जगासमोर मांडला. पाठीमागचा वारा एरवी इंधन वाचवतो. इथे मात्र तो जमिनीसापेक्ष वेग वाढवतो आणि दणका खाली आणतो.

थोडक्यात, मुकाट उडायचं तर वेगमर्यादा रोज बदलणार. शिवाय फायदा आजच्या विमानांपेक्षा ताशी तीनेकशे किलोमीटरचाच. दुप्पट ध्वनिवेगाच्या कॉन्कॉर्डला ही पळवाट नव्हतीच, म्हणून ते समुद्रावरच सुसाट जायचं.

आपल्याकडे हा विषय येईल तेव्हा एक विचारा: तिकीट मोठ्या शहरांचं, मग कान मधल्या गावांचे का? नियम करायचाच तर विमानाचा वेग नको, खाली पोहोचणारा आवाज मोजा. आणि तो जानेवारीच्या पहाटे मोजा.